खुर्चीचा निरोप

निरोप नानांच्या स्मार्ट खुर्चीकडून वृंदाच्या मोबाइलवर आला होता: 'नानांचं वजन चार दिवसांत एकोणीस किलोंनी घटलं आहे.'

दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या वृंदाने पुण्याहून लगेच फोन लावला. "मी ठणठणीत आहे गं," नाना म्हणाले. पण हार्ट अटॅक आला तेव्हाही ते हेच म्हणाले होते; म्हणूनच तर तिने वडिलांना ही बसणाऱ्याचं वजन मोजणारी, बोलणारी खुर्ची घेऊन दिली होती. तिने काम टाकलं आणि तडक सांगली गाठली.

दार उघडंच होतं. धिरड्यांचा खमंग वास येत होता. स्वयंपाकघराच्या दारात नानांच्या खुर्चीत शेजारच्या सुलभाकाकू ऐसपैस बसल्या होत्या, आणि घामाघूम झालेले नाना ओट्याशी उभे होते.

"नाना, गॅस बारीक करा, करपतंय!" काकू ओरडल्या.

"काकू, नानांच्या खुर्चीत तुम्ही?" वृंदाला काही कळेना.

"अगं, ती मेली खुर्ची दर अर्ध्या तासाला मला उठवायची," नाना म्हणाले. "सुलभाताईंचे गुडघे दुखतात, आल्या माणसाला खाली कसं बसवायचं? त्या बसून शिकवतात, मी उभ्याने करतो. चार दिवसांत खुर्चीला पाठ टेकली नाही."

"ती 'नाना, उठा' म्हणते," काकू म्हणाल्या, "मी कशाला उठू?"

काकू उठल्या तशी वृंदा मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

खुर्ची काळजीने बोलली, "नाना, वजन एकदम सव्वीस किलोंनी वाढलंय."

नानांनी लेकीच्या हातात उलथनं ठेवलं. "ऊठ," ते म्हणाले, "पुढचं धिरडं तुझं."