आपण जहाजे थांबवावीत

ठराव एकमताने मंजूर झाला. पाच देशांच्या पाच प्रतिनिधींनी टाळ्या वाजवल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पाणबुड्या बाईनेही वाजवल्या. मग तिने कागद नीट वाचला आणि तिच्या टाळ्या थांबल्या.

ती सकाळपासून उभीच होती. यादीत तिच्या नावापुढे ‘पाणबुडी – एक’ असं लिहिलेलं असल्याने तिला खुर्ची नव्हती. मागच्या अंगणात मात्र साठ फूट जागा मोकळी ठेवली होती. फाटकावरच्या रखवालदाराने तर, “कुठे लावलीय?” असंही विचारलं होतं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती फक्त पाच दिवस मागायला आली होती.

शनिवारी पौर्णिमा. त्यानंतरच्या पाच दिवसांत प्रवाळ अंडी सोडतात, वर्षातून एकदाच. भर समुद्रात, जिथे कुठल्याच देशाची हद्द पोचत नाही, तिथे पाण्याखाली एक डोंगर आहे. त्याच्यावरच्या प्रवाळाची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि पाचही देशांच्या किनाऱ्यांवरच्या खडकांना चिकटतात. बाई जिथे बुडी मारते तो खडक दोन वर्षांपूर्वी गरम पाण्याने मेला, पांढराफटक पडला. गेल्या वर्षी त्यावर तिला नखाएवढी अकरा पिल्लं दिसली. सगळी त्या डोंगरावरून आलेली. आणि त्याच डोंगरावर आता पाचही देशांची जहाजं लोखंडी वजनांची जाळी फरफटत होती.

ठरावात लिहिलं होतं : ‘पौर्णिमेपासून पाच दिवस आपण सदर डोंगरावरील जहाजे थांबवावीत.’

“साहेब,” तिने पहिल्या प्रतिनिधीला विचारलं, “तुमची जहाजं शनिवारी डोंगरावरून किती वाजता हटतील?”

“आमची?” साहेब चकित झाले. “ठरावात ‘आपण’ आहे.” त्यांनी शेजारच्या साहेबांकडे अदबीने हात केला. “म्हणजे हे.”

“मी?” दुसरे म्हणाले. “अहो, मी तर वाचताना आपल्याकडेच बघत होतो.”

तिसरे चौथ्यांकडे बघत होते, चौथे पाचव्यांकडे. पाचवे खिडकीकडे बघत होते. खिडकीत एक कावळा होता, पण त्याच्याकडे जहाज नव्हतं.

बाई टेबलाच्या टोकाला गेली. तिथे मसुदा लिहिणारा बसला होता. तो तिचा सख्खा मोठा भाऊ.

“दादा, हे काय लिहून ठेवलंयस?”

“अगं, आपण म्हणजे आपण सगळे.”

“यांना वाटतंय आपण म्हणजे समोरचा!”

“तो आदरार्थी अर्थही होतो,” दादा म्हणाला. “सभ्य शब्द आहे.”

“सरळ ‘आम्ही’ लिहायला काय हात मोडला होता?”

“‘आम्ही’ लिहिलं असतं तर सही कुणी केली असती? तीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याला हरकत आलेली नाही.”

“त्यातल्या एकाही वाक्याने कधी काही झालं का?”

“म्हणून तर हरकत आली नाही,” दादा म्हणाला. मग त्याने चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसला.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. “बाई, शांत व्हा. तो समुद्र सगळ्यांचा आहे.”

“मग सगळ्यांनी जहाजं काढा.”

“सगळ्यांची काढायचा अधिकार कुणालाच नाही.”

“मग ज्याने त्याने स्वतःची काढा.”

“वा! एकाने काढली की उरलेल्या चौघांचं फावलं.”

दुसऱ्या साहेबांनी बोट वर केलं. “मुळात ही पिल्लं आमच्या हद्दीत शिरतात, ती कुणाच्या परवानगीने?”

“त्यांना हद्द दिसत नाही, साहेब.”

“मग रस्ता कसा कळतो?”

“नाहीच कळत. म्हणून तर चुकून तुमच्याकडेही येतात.”

“प्रवाळांना पुढच्या महिन्यात नाही का जमणार?” अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात विचारलं. “थोडं त्यांनीही जुळवून घ्यायला हवं.”

बाईचा आवाज चढला. “दोन वर्षं मी त्या मेलेल्या खडकावर उतरतेय. हातात दात घासायचा ब्रश घेऊन शेवाळ काढतेय, का, तर येणाऱ्या पिल्लाला बसायला जागा हवी. आणि तुम्ही त्यांच्या आईवर लोखंड ओढताय. पाच देश! आणि वर टाळ्या!”

फोटोवाला पुढे येऊन म्हणाला, “सगळे उभे राहा, प्लीज. जरा जवळ जवळ.” प्रतिनिधी लगबगीने उठले आणि हसू लावून रांगेत उभे राहिले.

बाईने दादाच्या खिशातलं पेन काढलं. ‘आपण’वर आडवी काट मारली. दादा दचकला, पण त्याने तिचा हात धरला नाही. उलट कागद हलू नये म्हणून त्यावर पंजा ठेवला.

“बाकी वाक्य दादाचंच राहू दे, चांगलं आहे,” ती म्हणाली. “इथे फक्त ज्याने त्याने स्वतःच्या देशाचं नाव लिहा. पाच नावं, पाच दिवस. कोण लिहितंय आधी?”

तिने पेन पुढे धरलं.

सकाळपासून ज्यांचं चहा कधी घ्यायचा यावरही जमलं नव्हतं, त्या पाचही देशांनी कुणी न सांगता, एकाच क्षणी, अगदी खांद्याला खांदा लावून एक पाऊल उचललं.

मागे.