पाइपात काय गेलंय

“बाळाला पुसायचं ते ओलं कापड संडासात टाकू नकोस, वासुकी. चोंदेल,” असं सासूबाईंनी हरिताच्या बारशालाच बजावलं होतं. वासुकीने पाकीट उलटं करून दाखवलं. पुसून झालं की फ्लश करा, असं त्यावर इंग्रजीत छापलं होतं. एम.एस्सी. झालेल्या सुनेशी अंबाबाईंनी वाद घातला नाही.

आता हरिता दहा महिन्यांची होती. चार दिवस तिला जुलाब होत होते, आणि घरासमोरच्या मॅनहोलमधून काळं पाणी गल्लीत पसरत होतं. पोरीचे डोळे खोल गेले का, जीभ कोरडी पडली का, हे बघता बघता वासुकी स्वतः आंबून गेली होती. शेजारी आपापल्या फाटकांत उभे होते. कुणाच्या घरची घाण, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं.

ड्रेनेजची गाडी आली. गमबूट घातलेला, पन्नाशीचा एक माणूस पायरीशी येऊन तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, पाइपात काय गेलंय?”

“म्हणजे?”

“नुसतं तेलकट असलं तर पाण्याचा जोर लावतो. पाच मिनिटांत मोकळं. कापड असलं तर तसं चालत नाही. ते वाहत पुढे जातं आणि पंपाला गुंडाळतं. पंप थांबला की सगळी घाण वडवार नदीत. खाली घाटाच्या पायऱ्यांवर माणसं अंघोळ करतात, पोरं डुंबतात. कापड असलं तर इथेच हूक घालून काढायचं. तासभर जातो.”

वासुकी सासूबाईंकडे वळली आणि मराठीत बोलली. पाहुण्यांसमोर दूध पुरेल का विचारायला, भाजीवाल्यासमोर भाव ठरवायला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या घरात मराठीच उपयोगी पडे. आख्ख्या गल्लीत ती दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

“अम्मा, आपलं आहे म्हणून सांगू नका. लावू दे पाणी. जाऊ दे एकदाचं.”

“आणि नदीत गेलं तर?”

“माझ्यात आता ताकद नाही, अम्मा.”

मग ती तमिळमध्ये म्हणाली, “तेलकटच असणार, अण्णा. कोपऱ्यावर मेस आहे ना.”

माणसाने मान हलवली. पण गाडीला खूण केली नाही. हातमोजे काढले, झटकले, पुन्हा घातले.

“नक्की ना, अम्मा?”

“हो.”

ड्रायव्हरने हॉर्न दाबला. “चला हो, अजून सात तक्रारी आहेत. इथेच बारसं करताय का?”

माणूस तिथेच उभा राहिला. वासुकीच्या खांद्यावर पडलेल्या हरिताकडे बघून त्याने विचारलं, “बरं नाही वाटतं हिला?”

सकाळपासून वासाबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. पोरीबद्दल हा पहिलाच. वासुकीने हरिताच्या पाठीवर हात ठेवला. घाणीच्या पाण्याने पोटात काय होतं, हे ती चार दिवस बघत होती. खालच्या पायऱ्यांवर डुंबणाऱ्या पोरांनाही कुणीतरी असंच खांद्यावर घेऊन बसेल.

“कापड आहे, अण्णा,” ती तमिळमध्ये म्हणाली. फाटकांपर्यंत ऐकू गेलं. “मेसचं नाही, माझंच. दहा महिन्यांचं.”

तासाभरात हुकाने वेणीसारखा पीळ पडलेला, करडा, लांबलचक दोर बाहेर आला. पाणी घळघळत उतरलं. शेजारी आत गेले. बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

अंबाबाईंनी कॉफी आणली. त्या माणसाने हातपाय धुतले, पेला ओठांना न लावता एक घोट घेतला आणि अगदी अंबाबाईंच्याच वळणाच्या जुन्या मराठीत म्हणाला, “कॉफी झकास आहे, आई. साखर तेवढी कमी.”

वासुकीला कुठे बघावं ते कळेना. “तुम्ही मराठी?”

“घरी तीच बोलतो. रंगराव माझं नाव. कुणी विचारत नाही.”

“म्हणजे तेव्हाच तुम्हाला... मग बोलला का नाहीत?”

“मी बोललो असतो तर आजचं निघालं असतं. उद्या पुन्हा टाकलं असतं तुम्ही.”

“आणि मी शेवटपर्यंत कबूल केलंच नसतं तर?”

“तरी हूकच घातला असता.” रंगरावांनी रिकामा पेला पायरीवर ठेवला. “पंपाच्या तोंडाशी जाळी आहे. तिथे उभी राहून लोखंडी पंजाने अडकलेलं कापड ओढते ती माझी बायको, सुंदरी. आठवडाभर तापाने फणफणलीय, तरी आज गेलीच.”

वासुकी त्याच दुपारी हरिताला सासूबाईंकडे देऊन पंपावर गेली आणि सुंदरीची विचारपूस करून आली. तुमच्या गावातही नदीच्या अलीकडे असा एक पंप असेल, त्याच्या जाळीशी कुणीतरी उभं असेल. वासुकीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की एकदा तिथे जा आणि त्यांची विचारपूस करून या.