गेणभाऊंना चूक सापडत नाही

“आजच्या दिवस गप ऱ्हावा, भाऊ. एवढंच मागते,” शेजारची साळुबाई म्हणाली.

गेणभाऊ ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी पुढची शेंग उचलली.

गेणभाऊंनी सत्तावीस वर्षं तुरुंगात काढली होती, शिपाई म्हणून. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि महाळुंगे पडवळला परतले. अठ्ठ्याण्णव साली त्या आळीत रंगीत टीव्ही आणि केबल त्यांच्या एकाच घरात. त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तुरुंगाची ती हिंदी मालिका बघायला अर्धी आळी त्यांच्या पडवीत जमायची.

पोरांना मालिकेतली मारामारी आवडायची. बायकांना शिव्या नको वाटायच्या, पण उठून कुणी जात नसे. आणि गेणभाऊ सगळ्यांच्या आनंदात माती कालवायचे. कैद्याची टोपी अशी नसते. शिपायाने एवढे केस वाढवले तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. जेवायला असं पाटावर बसल्यासारखं कुणी बसत नाही. दर चुकीला ते जिभेने ‘च्यक्’ करायचे, आणि तासाभरात पंचवीसेक वेळा तरी करायचे. मालिकावाल्यांना त्यांनी दोन पोस्टकार्डंही टाकली होती, की तुमचा तुरुंग पुठ्ठ्याचा आहे. कार्डांचा परिणाम असेल नाहीतर नसेल, अलीकडे भिंती दगडाच्या दिसू लागल्या होत्या, कुठल्याशा खऱ्या तुरुंगात शूटिंग करतात म्हणे. तेवढं मात्र भाऊंनी मान्य केलं होतं.

म्हणूनच साळुबाई आज त्यांना विनवायला आली होती. तिचा सावळेराम चार वर्षांपूर्वी नट व्हायला मुंबईला गेला, तो तिकडचाच झाला. गावाने तोंडाला येईल ते बोलून घेतलं. त्यात लेक वृषालीचं लग्न जमेना. तीन स्थळं एकाच प्रश्नावर परत गेली होती, मुलीचा भाऊ करतो काय? मागच्या महिन्यात सावळेरामचं कार्ड आलं. ते साळुबाईने अक्षर लावत स्वतःच वाचलं आणि पेटीत तळाशी ठेवलं. राजुरीच्या स्थळाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा ती धीटपणे म्हणाली की तुरुंगाच्या मालिकेत आहे, येत्या गुरुवारी दिसेल. मुलाचे चुलते गोरखराव जाणते गृहस्थ. ते म्हणाले, मग आम्ही बघायलाच येतो.

“खोट्याला खरं म्हणणं मला जमायचं न्हाई,” गेणभाऊ शेवटी बोलले. “पोरगं चुकत असंल तर चुकतंय म्हणीन.”

“त्याच्यावर पोरीचं सगळं हाय, भाऊ.”

“तरीबी.”

साळुबाई पोह्यांचं बघायला घरी गेली. भाऊंसारख्या माणसापुढे रडून उपयोग नसतो, हे तिला माहीत होतं.

साडेसहालाच पावणे भाऊंच्या पडवीत आले. गोरखराव पुढच्या खुर्चीवर बसले. गावाकडे सगळीच पोरं मुंबईत नट असतात, असं ते हसत हसत दोनदा बोलून गेले. वृषालीने चहा दिला.

मालिका सुरू झाली. पहिला भाग संपला, जाहिराती लागल्या, सावळेरामचा पत्ता नव्हता. गोरखरावांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी उगाच खोकलं. साळुबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली होती, ती हलली नाही.

मग तुरुंगाचं पटांगण आलं. नायक पुढे उभा राहून गुंडाला दम देत होता. मागे कैदी जोडीजोडीने उकिडवे बसलेले.

“ह्यो,” साळुबाईने काचेवर बोट टेकवलं. “ह्यो माझा सावळेराम.”

दुसऱ्या जोडीत होता. वाळलेला, केस बारीक कापलेले. आळीतल्या दोघातिघांनी लगेच ओळखलं. नायक एवढा ओरडत होता, पण सावळेरामने तिकडे बघितलंही नाही. कुठेतरी काठी आपटली आणि सगळ्या जोड्यांच्या माना एकदम खाली गेल्या.

गेणभाऊ पुढे वाकले. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि परत लावला. सगळे त्या ‘च्यक्’ची वाट बघत होते. ते आलं नाही. पुढे नायकाने चौघांना लोळवलं, तेव्हाही आलं नाही.

“हवालदार, तुमी आतली नोकरी केल्याली,” गोरखराव वळून म्हणाले. “पोराचं काम कसं वाटलं?”

 दाराआड वृषालीने चौकट घट्ट धरली. साळुबाईने डोळे मिटून घेतले.

गेणभाऊ टीव्हीकडे बघत नव्हते. ते साळुबाईकडे बघत होते, बराच वेळ.

“हिरोचं सगळं खोटं हाय,” ते म्हणाले. “पर त्या पोरात मला एक चूक सापडली न्हाई.”

पडवीत हसू फुटलं. ज्या माणसाने वर्षभरात कुणाला बरं म्हटलं नाही, त्याने हे म्हणावं! गोरखरावांनी मांडीवर थाप मारली. पोहे आले, मागोमाग नारळ आला, आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली. मार्गशीर्षातली लग्नाची तिथीही ठरली. निघताना गोरखरावांनी बजावलं, की नवऱ्याचा कान पिळायला मात्र तोच भाऊ पाहिजे, सगळ्या राजुरीला त्याला बघायचंय.

पावणे गेले, आळी पांगली. गेणभाऊंनी टीव्ही बंद केला. साळुबाई कपबशा गोळा करत होती.

“मला खोटं बोलावं लागलं न्हाई,” भाऊ हळूच म्हणाले.

“म्हाईत हाय मला.” तिने कपबशा खाली ठेवल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. “भाऊ, तुमी एवढी वर्षं तिथं काढली. शिक्षा झालेल्याला बहिणीच्या लग्नाला किती दिवस घरी सोडत्यात?”