माळ्यावरचं वजन

“वजन कित्ता डालते ऊपर, साब?” लोखंडवाल्यानं विचारलं.

हिम्मतरावांनी होणाऱ्या सुनेकडे बोट दाखवलं. चारुलता सिव्हिल इंजिनिअर. घरचीच असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं, म्हणून गॅरेजच्या माळ्याला गर्डर घ्यायला तिलाच सिकंदराबादला आणलेलं. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

“काका, वर काय काय ठेवणार?” तिनं विचारलं.

“तुझंच सामान गं! फ्रिज, वॉशिंग मशीन, सागवानी पलंग, दोन कपाटं. आमच्याकडे सगळं आहेच. हे वर राहील, आमच्या रेणूच्या लग्नात कामी येईल.”

“आणि खाली?”

“खाली मारुती. तुझ्या बाबांनी बुक केलीय ना?”

बाबांनी बुक केली होती, अन् त्यापायी मलकपेठचं राहतं घर विकायला काढलं होतं. ‘लोक काय म्हणतील’ हे त्यांचं पालुपद. चारुलता आधी भांडली, मग चिडून रडली, आणि गेला आठवडाभर एकदम गप्प होती. पोरीला अक्कल आली, असं सगळ्यांना वाटलं.

“रितेश काय म्हणतो या सगळ्याला?”

“तो काय म्हणणार? आमच्या शब्दाबाहेर नाही पोरगा!”

चारुलतानं मान डोलावली. लोखंडवाल्यानं मधला गर्डर दाखवला, तसं तिनं नाक मुरडलं. “हा नको. तो जाड काढा.”

“इत्ता भारी कायकू, अम्मा? हाथी बांधते क्या?”

“अगं, दुप्पट भाव आहे त्याचा,” हिम्मतराव कुरकुरले.

“माझ्या बाबांचं सामान कोसळलं तर? घ्यायचा तर हाच, काका. नाहीतर माळाच नको.”

हिम्मतराव पाघळले. सून असावी तर अशी! त्यांनी मोजून पैसे दिले.

“काटे तो वापस नै लेते, साब,” लोखंडवाल्यानं बजावलं.

“कापा!” चारुलताच म्हणाली.

गर्डर मापात कापून टेंपोत चढवला. हिम्मतराव ड्रायव्हरशेजारी सरकून बसले. “ये, बस.”

“तुम्ही व्हा पुढं. मी बाबांकडे जाते. घर विकायचं नाही म्हणून सांगायचंय. माझ्याबरोबर एक चमचासुद्धा येणार नाही.”

“काय बोलतेस तू? अगं, मग या एवढ्या गर्डरवर मी ठेवू काय?”

“तुमचा रितेश ठेवा, काका. मी तो घेत नाही.”