फियाटची परीक्षा

तुळसाचं घर एका वळणावर राहिलं आणि फियाट थांबली.

"पाणी घालूया," राजाराम म्हणाले. "बाई तापलीय."

"कोणती?" कमलाबाईंनी विचारलं.

दोघंही उतरले. रेडिएटरला पाणी पाजलं. उरलेलं कमलाबाईंनी स्वतःच्या तोंडावर मारलं, आणि दोघं पुन्हा गाडीत बसले.

चिपळूणला तुळसाच्या अंगणात फियाट शिरली तेव्हा राजाराम स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि शेजारी कमलाबाईंचं तोंड चालू होतं.

"उजवीकडे फणस आहे. डावीकडे घ्या. एवढं नको! सरळ. आता ब्रेक. अहो, ब्रेक!"

गाडी पायरीपासून हातभर अंतरावर थांबली.

तुळसा हसत ओटीवरून उतरली. "जयभीम, दादा! काय गो वहिनी, माझ्या भावानं उभा जन्म मुंबईत टॅक्सी चालवली. त्याला तू ब्रेक शिकवतेस?"

"जुनी खोड आहे तिची," राजाराम म्हणाले. "लग्नात माझ्या हातात हार होता, तर कुठून घालायचा तेसुद्धा हिनंच सांगितलं."

"नाहीतर करवलीच्या गळ्यात घातला असता," कमलाबाई म्हणाल्या.

"बरं, परशुराम घाट कसा काय?" तुळसानं विचारलं.

"लोण्यासारखा," राजाराम म्हणाले. "कधी संपला, मला कळलंसुद्धा नाही."

तुळसानं मान डोलावली. ते तिला नीट लक्षात ठेवायचं होतं, कारण संध्याकाळी मुंबईहून प्रज्ञेशचा फोन येणार होता.

प्रज्ञेश म्हणजे राजारामांचा मुलगा. वडिलांनी शहात्तराव्या वर्षी गाडी चालवू नये, असं त्याचं मत. फियाट भंगारात द्या, हायवेला ट्रक कसे येतात बघितलंत ना, वगैरे. महिनाभर भांडण चाललं. शेवटी रत्नागिरीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतंय म्हटल्यावर तह झाला. लोट्याजवळच्या गावातून दोघांनी गाडीनं जायचं. वाटेत चिपळूणला आत्याकडे आणि आऱ्याला चुलतबहिणीकडे, आम्रपालीकडे, उतरायचं. बाबा गाडी कशी चालवतात ते दोघींनी डोळ्यांनी बघून प्रज्ञेशला खरं खरं कळवायचं. एकीनं जरी नाही म्हणून मान हलवली, तरी फियाट गेली.

तह झाला त्या रात्री कमलाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "ही गाडी अंगणातून गेली, की आपण दोघं अंगणातच राहू." एसटीचा थांबा त्यांच्या घरापासून डोंगर उतरून खाली होता.

तुळसानं भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जेवता जेवता कमलाबाईंना डुलकी लागली. घास हातात तसाच.

"बघा! गाडी हाणली भावानं आणि दमली बायको," तुळसा म्हणाली.

"बोलून बोलून दमते ती," राजाराम म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

तुळसानं फोनवर भावाला पास केलं. आम्रपालीचं काम मात्र अवघड. ती पडली शाळामास्तरीण. दुसऱ्या दिवशी फियाट आऱ्याला आली तेव्हा ती फाटकातच उभी होती, हाताची घडी घालून.

"उजवीकडे चिऱ्याचा गडगा आहे, भिंतीला घासाल," कमलाबाई आतून सांगत होत्या. "आम्रपाली उभी आहे समोर, निळ्या साडीत. तिला उडवू नका."

"उडवली तर पास कोण करणार?" राजाराम म्हणाले आणि गाडी अलगद उभी केली.

चहा झाला. आम्रपालीनं काकीचा हात हातात घेतला. "काकी, हा एकच हात कसा गो काळवंडला?"

"खिडकीला उन्हात होता."

"हम्म. काका, चला, मला आरे-वारेला एक चक्कर मारून आणा. समुद्राच्या कडेनं. मी शेजारी बसते, काकी घरी आराम करेल."

राजारामांचा कप बशीवर वाजला.

"अजिबात नाही," कमलाबाई म्हणाल्या. "सकाळीच घासूनपुसून लखलखीत केलीय. खारा वारा लागला तर उद्या प्रदर्शनात काय तोंड दाखवायचं? तुला फिरायचंय तर रिक्षा कर."

आम्रपाली हसली. आपली काकी नवऱ्यापेक्षा गाडीला जास्त जपते, हे तिनं रात्री प्रज्ञेशला सांगितलं. काका तर बैलगाडीपेक्षा सावध, असंही. पण उद्या मैदानावर बघते आणि मगच शेवटचं सांगते, म्हणाली.

रत्नागिरीच्या मैदानावर माणसांची ही गर्दी. गौरव नावाचा एक उत्साही आयोजक माईकवरून सूचना देत होता. प्रत्येक गाडीनं मैदानाला एक फेरी मारायची, गाडीत फक्त चालक.

"काकी, तुम्ही खाली उतरा," गौरव म्हणाला.

कमलाबाई हलल्या नाहीत. आम्रपाली दोरीपलीकडे मोबाईल धरून उभी होती.

राजारामांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "पोरा, ही टॅक्सी आहे. सवारीशिवाय ही जागची हललेली नाही, साक्षात मंत्री हात दाखवत असला तरी! आधी सवारी, मग फेरी."

लोकांनी टाळ्या पिटल्या. गौरवही हसला आणि बाजूला झाला.

फियाट पहिल्या गिअरमध्ये, वरातीच्या चालीनं निघाली. कमलाबाईंचे ओठ सारखे हलत होते. दोरीला न शिवता, वळणावरच्या शंकूंना न लागता गाडी पूर्ण वळसा घालून परत आली. राजारामांना 'सर्वांत सावध चालक' म्हणून बक्षीस मिळालं. आम्रपालीनं तिथूनच चित्रफीत पाठवली.

प्रज्ञेशचा फोन लगेच आला. "बाबा, हरलो मी. गाडी राहू दे. फक्त आईला सांगा, शेजारी बसून एवढी बडबड करू नकोस. चालवणाऱ्याचं लक्ष उडतं."

"सांगतो," राजाराम म्हणाले.

आम्रपाली दिसेनाशी होईपर्यंत दोघांनी हात हलवला. शहर मागे पडण्याआधीच, एका बंद दुकानाच्या आडोशाला, फियाट उभी राहिली. राजाराम उतरले आणि बॉनेट चाचपत, एकेक पाऊल टाकत डाव्या दाराशी आले, आणि कमलाबाईंनी स्टिअरिंगमागे जाऊन, पदर खोचून, पाठीशी उशी सरकवून फियाट हायवेच्या दिशेनं सुसाट सोडली.