पुसलेल्या कॅसेटी

वस्तीपुरतं ते छोटं टीव्ही चॅनल भाऊंनी वीस वर्षं रेटलं. संपादक तेच, निवेदक तेच आणि स्टुडिओत झाडू मारणारेही तेच. काटकसर अंगात इतकी मुरलेली, की कालचा कार्यक्रम पुसून त्याच कॅसेटवर आजचा घ्यायचा. मग एक दिवस वरून, परवाना देणाऱ्या कार्यालयातून फर्मान आलं: जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग तपासणीसाठी सादर करा, नाहीतर चॅनलला टाळं लावा.

"तुमचा कार्यक्रम कधी चुकवत नाही हो," म्हणणाऱ्या प्रत्येकाचं दार भाऊंनी ठोठावलं. रेकॉर्डिंग सोडाच, चॅनल कितव्या नंबरवर लागतं हेही कुणाला सांगता येईना. सख्खी बहीण म्हणाली, "अरे, ते अजून चालू आहे?"

शेवटी एकच दार उरलं, समोरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं. चॅनल बंद करा म्हणून दर महिन्याला वर तक्रार धाडणारा हाच तो माणूस. भाऊ नाक मुठीत धरून गेले. सरांनी कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत कॅसेटी, एकूण एक तारीखवार लावलेल्या.


"तक्रारीला पुरावा लागतो, भाऊ," सर म्हणाले. "आजवर तुमचा एकही भाग चुकवलेला नाही."