उतार

घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं, नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर. दोन दिवस डोळ्याला डोळा न लागलेली सून दुपारी सासूला म्हणाली, "आई, जरा पाठ टेकते. या आकड्यावर लक्ष ठेवा. बिघडतोय असं वाटलं की लगेच हाक मारा, मी ऑक्सिजन वाढवते."

"पड तू. मी आहे ना!"

सून दचकून उठली तेव्हा ऊन कललं होतं. सासू मुलाच्या कपाळावर हात ठेवून बसली होती.

"आई, हाक का नाही मारलीत?"

"हळू बोल गं," सासू कुजबुजली. "आत्ताच तळमळ थांबलीय त्याची. छान उतार पडला बघ. ब्याण्णव होता, एकावन्नवर आणला देवानं."